हलगी, बिदागी आणि भीक

अनंत फंदी संगमनेरचा. जन्म १७४४, मृत्यू १८१९. जातीनं ब्राह्मण आणि धंद्यानं तमासगीर. त्याच्याबद्दलची एक आख्यायिका मराठी वाङ्मयाचे इतिहासकार मोठ्या चवीनं सांगत आलेत. अहिल्याबाई होळकरांनी त्याचा फड ऐकला आणि ब्राह्मणानं डफ-तुणतुण्यावर पोट भरावं हे शोभत नाही, असं त्याला सुनावलं. फंदीनं तिथल्या तिथं डफ फोडला आणि पुढं तो कीर्तनकार झाला. अहिल्याबाई आमच्याच जिल्ह्यातल्या, जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या. २०२४ मध्ये अहमदनगर जिल्ह्याला त्यांचंच नाव मिळालं. त्यामुळं ही गोष्ट आता जिल्ह्यात पुन्हापुन्हा ऐकायला मिळणार, हे धरून चला.

गोष्ट खरी की खोटी, हा वाद मला घालायचा नाही. मला फंदीच्या त्या डफाबद्दल बोलायचंय. माणूस तोच, गळा तोच, रचायची हातोटी तीच. समोर बसणारे लोकसुद्धा बरेचसे तेच असणार. बदललं काय? उघड्यावर उभं राहून हातात घेतलेला पैसा देवळाच्या ओसरीवर गेला. तिथं त्याला बिदागी म्हणतात. ओसरीखाली उतरला की तोच पैसा दौलतजादा होतो. आणखी खाली, गावकुसाबाहेर गेला की तो पैसाही राहत नाही. तिथं त्याचं बलुतं होतं, नाहीतर भीक.

म्हंजे गाण्याची किंमत गाण्यावर ठरत नव्हती. गाणारा कुठं उभा आहे आणि कुणाच्या पोटी जन्मलाय, ह्यावर ठरत होती. दोस्तहो, हा हिशोब आपण कधी नीट मांडलाच नाही. आपल्यातले शिकलेले कार्यकर्ते रस्त्यावर गाणाऱ्या माणसाला बघून मान वळवतात, त्याचं कारण मला ह्या न मांडलेल्या हिशोबात दिसतं. म्हणून हा लेख.

फंदी डफ फोडू शकला, कारण त्याच्या दुसऱ्या हाताला वीणा होती. आमच्या माणसानं हलगी फोडली असती तर काय झालं असतं? हलगी ही त्याची हौस नव्हती, वतन होतं. नगर जिल्ह्यात काही गावांत वाजवायचं काम मांगांकडे, काही गावांत महारांकडे. पोळ्याला बैलांपुढं वाजवायचं. मरीआईचा गाडा निघाला की वाजवायचं. पाटलाघरी लग्न निघालं की वाजवायचं. साहेब आला, वाजवा. कधी वाजवायचं, कुठं थांबायचं, कुठल्या वेशीपासून पुढं यायचं नाही, सगळं गावानं ठरवलेलं. मोबदला काय? सुगीत खळ्यावरचं मूठ-पसा धान्य आणि रोजची शिळी भाकर. तीसुद्धा वरून टाकलेली, हातात दिलेली नाही.

माझा आजा अकोले तालुक्यातला, हलगी वाजवणारा. पाचटाच्या जाळावर हलगी शेकून तो ती अशी ताणायचा, की टिपरू पडलं की कानात कळ जायची. त्याच्या हाताचं गावात नाव होतं. पण त्या नावाचा त्याला काही उपयोग नव्हता. चांगली वाजवली म्हणून धान्य वाढलं नाही, आणि वाईट वाजवायची त्याला मुभा नव्हती. नाही म्हणायचा हक्क ज्याला नाही, त्याच्या कामाला कला म्हणून गौरवणारे आज पुष्कळ आहेत. लोककला महोत्सवात हलगी बघून त्यांना गहिवरून येतं. मला त्यांच्याशी भांडायचंय ते एवढ्याच मुद्द्यावर. ती वेठ होती. वेठीत बेइमानी असते, पण ती वाजवणाराची नसते. ती वाजवून घेणाराची असते.

बाबासाहेबांनी घाव घातला तो नेमका इथं. १६ जून १९३६ ला मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळ्या, जोगतिणी, पोतराज ह्यांच्यापुढं ते बोलले. धर्मांतर करायचं असेल तर हे जिणं टाकावं लागेल, असा त्यांचा रोखठोक सांगावा होता. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला, म्हंजे आजच्या श्रीरामपूर तालुक्यात, वतनदार महार, मांग आणि वेठिया लोकांची परिषद झाली. वतनी जमिनीवरच्या वाढीव जुडीचा प्रश्न होता. तिथंही बाबासाहेब आले. हरेगावच्या परिषदेकडं आपण जमिनीचा लढा म्हणून बघतो, ते बरोबरच आहे. पण वतन म्हंजे जमिनीचा तुकडा आणि त्या तुकड्याला बांधलेली माणसं. त्या बांधलेपणात आज्याची हलगीही होती.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर गावोगाव हलग्या खाली ठेवल्या गेल्या. काही गावांनी बहिष्कार घातला, काही गावं कुरकुरत गप्प बसली. १९५८ मध्ये कनिष्ठ गाव वतनं रद्द करणारा कायदा झाला. आज्यानं फंदीसारखी हलगी फोडली नाही, खुंटीला टांगली. गावचा माणूस बोलवायला आला तेव्हा म्हणाला, "आता न्हाई वाजत ती."

इथपर्यंतचा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. अडचण पुढं आहे. वेठीचं वाजवणं टाकलं, हे योग्यच झालं. पण टाकता टाकता आपण वाजवणंच हलकं मानायला लागलो. रस्त्यावर गाऊन चार पैसे घेणं म्हंजे मागतेपणा, अशी समजूत आपल्यातच रुजली. ही समजूत कुठून आली? मला वाटतं, ती फंदीच्या आख्यायिकेतून आली. बामणाच्या घरात जन्मलेली लाज आपण आपल्या घरात आणून पोसली.

ह्याची सगळ्यात मोठी किंमत संगमनेर तालुक्यातल्याच एका बाईनं दिली.

पवळा हिवरगावकर. हिवरगाव पावसा हे तिचं गाव, जात महार. त्याआधी तमाशात बाईचं काम नाच्या पोर करायचा. ढोलकीच्या फडात बाई उभी राहिली ती पवळेपासून, असं मानलं जातं. तिचा जोडीदार पठ्ठे बापूराव, म्हंजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचा ब्राह्मण. त्याच्या लावण्या आणि पवळेचा गळा ह्या जोडीनं मुंबई-पुणं वेडं केलं. बापूरावावर पुढं सिनेमा निघाला, पुस्तकं निघाली, नावानं पुरस्कार निघाले. पवळेच्या वाट्याला काय आलं? त्याच्या चरित्रातली चार पानं.

महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूरावानं तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीच्या फंडाला मदत देऊ केली, आणि बाबासाहेबांनी ती नाकारली. ही हकीकत चळवळीत सगळे सांगतात. सांगताना छाती फुगते. पैशाची किती नड होती ते माहीत असूनही नाकारली, ह्याचा अभिमान वाटतोच, मलाही वाटतो. पण त्या नकाराचा अर्थ काय लावायचा?

एक अर्थ सोपा आहे: तमाशाचा पैसा घाण, म्हणून नको. बहुतेक जण तोच घेतात. मला तो पटत नाही. घाण म्हणायचा तर तो पैसा कुणाच्या घामाचा होता, ते बघायला पाहिजे. रात्रभर उभी राहून गाणारी बाई, ढोलकीवर बोटं फोडणारा गडी, मागं जीव तोडून झील धरणारे सुरते, ह्यांच्या घामात घाण कुठाय? बाबासाहेबांचा नकार देणाऱ्याला होता, असं मी समजतो. महाराच्या बाईला नाचवून मिळवलेल्या पैशातून एक ब्राह्मण शाहीर महारांच्या मुक्तीला देणगी देणार, हा व्यवहारच उफराटा होता. नाचवणारा हात आणि दान देणारा हात एकच. तो हात त्यांनी झिडकारला. देवदासींच्या सभेतलं त्यांचं म्हणणं आणि हा नकार एकमेकांना धरून आहेत, हेही खरं. बाईच्या देहाचा बाजार त्यांना नको होता. पण बाजार मांडणारा वेगळा आणि बाजारात उभी केलेली वेगळी, एवढा फरक करायला आपल्याला कुणी अडवलं होतं?

आपण तो केला नाही. पवळा आपल्या इतिहासातून गळाली. तिच्यामागून आलेल्या कोल्हाटी, महार, मांग घरांतल्या शेकडो तमासगीर बायाही गळाल्या. त्यांच्यावर नीट अभ्यास व्हायला किती वर्षं गेली बघा. शैलजा पाईक ह्यांचं 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' हे पुस्तक २०२२ चं. पाईक ह्यांचं मूळ गाव पोहेगाव, आमच्याच जिल्ह्यातलं. २०२४ मध्ये त्यांना अमेरिकेतली मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, तेव्हा आपल्या व्हॉट्सॲपवर अभिनंदनाचा पूर आला. पुस्तक ज्या बायांवर आहे त्यांच्या गावातल्या वारसांकडं मात्र कुणी फिरकलं नाही.

आता जलशाकडं येतो, कारण बाजार आणि वेठ ह्या दोन्हींतून बाहेर पडायची वाट आपल्याच माणसांनी काढली होती.

सत्यशोधकांनी तमाशाचं अंग घेऊन जलसा उभा केला. भटजी-सावकाराची पोल खोलणारं सोंग, मग गाणं, मग भाषण. आंबेडकरी जलसा त्याच वाटेनं आला. नाशिक जिल्ह्यात कसबे सुकेण्याचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सोबती १९३० च्या सुमारास उभे राहिले. ढोलकी, तुणतुणं, डफ, झांज, पेटी. गणात गणपती नाही. गवळणीतला चावटपणा नाही. वगाच्या जागी मेलेलं ढोर ओढू नका, दारू सोडा, पोराला शाळेत घाला, महाडला काय झालं ते ऐका. माझ्या दहा सभा आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, अशा अर्थाचं बाबासाहेबांचं बोलणं जुनी माणसं सांगतात. कर्डकांचं स्वतःचं पुस्तक, 'आंबेडकरी जलसे', १९७८ मध्ये आलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी हुडकून वाचावं. त्यात विद्वत्तेचा आव नाही, गाडीभाड्याची चिंता आहे.

जलशाला रंगमंदिर नव्हतं. कोण देणार? म्हारवाड्यातलं पटांगण, बाजारतळ, जत्रेचं मैदान, मुंबईला चाळीचं चौक. फळ्या टाकून नाहीतर बैलगाड्या जोडून बोर्ड करायचा. टेंभा नाहीतर गॅसबत्ती. म्हणून मी त्याला रस्त्याचं गाणं म्हणतो. रस्ता हा आपल्याला बंद होता, हे विसरू नका. थुंकीला गाडगं आणि पायामागं फांदी बांधून ज्या रस्त्यानं चालायचं असं सांगितलं गेलं, त्याच रस्त्यावर उभं राहून मोठ्या आवाजात गायचं, हे निव्वळ करमणुकीचं काम नव्हतं. चवदार तळ्याचं पाणी पिणं आणि बाजारतळावर जलसा लावणं, मला तरी ही एकाच घरातली कामं वाटतात.

आणि पैसा? इथं आज्याचं एक बोलणं सांगतो. हलगी खुंटीला टांगल्यावर काही वर्षांनी तो शेजारगावच्या जलशात डफ वाजवायला जाऊ लागला. जलसा संपला की एकजण डफ उलटा करून लोकांत फिरायचा. कुणी आणा टाकायचा. पैसा नसला तर बाया पदरातनं बाजरी आणून ओतायच्या. आज्या म्हणायचा, "खळ्यावर बी बाजरीच मिळायची, अन् हितं बी बाजरीच. पण ही आणताना बाई इचारायची, शाहीर, उद्या कुठल्या गावाला?" त्याला जन्मात पहिल्यांदा कुणी पुढचा कार्यक्रम विचारला होता.

बाजरी तीच. एक टाकलेली, एक दिलेली. बलुत्यात वाजवणाऱ्याची जात बघून धान्य मिळत होतं. जलशात गाणं ऐकून. ऐकणारा उठून जाऊ शकत होता, गाणारा उद्या येणार नाही म्हणू शकत होता. ही मोकळीक दोन्हीकडं असली की उघड्यावर घेतलेला पैसा हा सगळ्यात सरळ पैसा असतो. मधे ठेकेदार नाही, तिकीट नाही, पाटलाची मर्जी नाही. गाणं आवडलं नाही तर डफ रिकामा परत येतो. इतकी रोखठोक परीक्षा आपल्या साहित्य संमेलनांत कुणाची होते सांगा. (आमच्यासारख्या लेखकांची तर नाहीच.)

वामनदादा कर्डक ह्याच परीक्षेतून गेलेला माणूस. जन्म १९२२, गाव सिन्नर तालुक्यातलं देशवंडी, आमच्या संगमनेरच्या शेजारचं. अक्षरओळख मोठेपणी झाली. २००४ मध्ये वारले तोपर्यंत एस.टी.नं, पायी, मिळेल त्या गाडीनं गावोगाव फिरून गायले. त्यांच्या गाण्यांचे छापील संग्रह नंतर आले. आधी ती गाणी बायांच्या तोंडी बसली, जात्यावर आणि जयंतीच्या पटांगणात. पुस्तकाच्या आधी लोकांनी पास केलेला कवी, असं आपल्याकडं किती जणांबद्दल म्हणता येईल?

ह्या सगळ्याकडं सरकार कसं बघतं? वतनं गेली त्याच सुमाराला, १९५९ मध्ये, मुंबई राज्यात भीक प्रतिबंधक कायदा झाला. त्यातली भिकेची व्याख्या मी वाचली तेव्हा डोकं सणकलं. सार्वजनिक जागी गाण्याच्या, नाचण्याच्या, भविष्य सांगण्याच्या, खेळ करण्याच्या मिषानं पैसे मागणं किंवा घेणं, हीसुद्धा भीक. पकडलं तर पहिल्या खेपेला एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात, पुन्हा पुन्हा पकडलं तर दहा वर्षांपर्यंत. म्हंजे गावानं वेठीतून सोडलं आणि कायद्यानं रस्त्यावर धरलं. गाणं हे मिष कसं असतं, हे कायदा करणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. सभागृहात बसून शास्त्रीय गाणं ऐकणारे ते लोक, त्यांना रस्त्यावरचा गळा म्हंजे ढोंगच वाटणार. २०१८ मध्ये दिल्ली हायकोर्टानं ह्या कायद्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं घटनाबाह्य ठरवली, पण ती दिल्लीपुरती.

आपल्या जिल्ह्यात ह्याचा अर्थ काय होतो, ते शिर्डीत दिसलं. २०२५ मध्ये शिर्डीतून भिक्षेकरी म्हणून माणसं उचलली आणि श्रीगोंदे तालुक्यातल्या विसापूरच्या भिक्षेकरी गृहात नेली. एप्रिलमध्ये त्यातल्या चार जणांचा मृत्यू झाला. पाच घरची भिक्षा मागून जगलेल्या फकिराला ज्या गावानं सोन्याच्या सिंहासनावर बसवलं, त्या गावातून ही माणसं गेली. ती गाणारी होती का मागणारी, मला ठाऊक नाही. कायद्याला त्यात फरकच करायचा नाही, एवढंच मला सांगायचंय. दौंड-मनमाड गाडीत पेटी गळ्यात अडकवून गाणारा आंधळा आणि नुसता हात पसरणारा, दोघं एकाच कलमात.

आणि गाणं कुणाचं आहे, ह्यावरून जीव जातो तो वेगळाच. मे २०१५, पुन्हा शिर्डीच. एका बौद्ध तरुणाच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली, त्यावरून वाद झाला आणि त्याला मारून टाकलं, अशी फिर्याद होती. नर्सिंगचं शिकणारा पोरगा. त्याआधी २०१३ ला सोनई, २०१४ ला खर्डा आणि जवखेडे. आपला जिल्हा काय चीज आहे, हे बाहेरच्यांना त्या नावांनी कळलं. पण रिंगटोनचं प्रकरण मला वेगळं टोचतं. जलशातलं गाणं बाजारतळावरून निघून कॅसेटमध्ये आलं, कॅसेटमधून मोबाईलमध्ये, मोबाईलमधून खिशात. तरी ते चारचौघांत वाजलं की काहींना आज्याच्या हलगीसारखं वाटत नाही. हलगी त्यांच्या हुकमानं वाजायची, हे त्यांना न विचारता वाजतं.

आता शेवटची आणि अवघड गोष्ट. महारांनी हलगी खाली ठेवली तेव्हा गावाचं वाजवणं थांबलं नाही. ते मातंगांच्या अंगावर गेलं. आपण बौद्ध झालो, आणि हलगी वाजवतो म्हणून शेजारच्या मांगवाड्याला नावं ठेवली. हे कबूल केल्याशिवाय सांस्कृतिक गुलामगिरीवर बोलायचा आपल्याला तोंड नाही. आज जयंतीच्या मिरवणुकीत पुढं हलगी पाहिजेच, तिच्याशिवाय पोरांच्या अंगात येत नाही. वाजवणारी पोरं बहुतेक मातंग वस्तीतली. त्यांना सांगावा कसा जातो, बघितलंय मी. डीजेवाल्याला मागेल तो ॲडव्हान्स, पावती, वर जेवण. हलगीवाल्यांशी मात्र घासाघीस. "बाबासाहेबांचं काम हाय, पैशाचं काय काढतो?" हे वाक्य मी स्वतःच्या कानानं मंडळाच्या बैठकीत ऐकलंय. पाटील तरी वेगळं काय म्हणत होता? देवाचं काम हाय, म्हणत होता.

१४ एप्रिलला अजून अवकाश आहे. वर्गणीची नवी वही कराल तेव्हा हलगीवाल्यांचा आकडा त्यांना विचारून पहिल्या पानावर टाका. निम्मे पैसे ठरवतानाच द्या, राहिलेले मिरवणूक सुटायच्या आत. आणि वाजवून झाल्यावर त्यांना पंगतीत बसवायचं का, हा प्रश्न मंडळात निघाला, तर प्रश्न काढणाऱ्याचं नाव मला कळवा. पुढच्या अंकात जागा आहे.